शिकागोची गिटार, पुण्याचा पोटमाळा : काय दुरुस्त करावे आणि काय तसेच ठेवावे?

खुंटी, ९ मार्च

गेल्या महिन्यात मामीने नारायण पेठेतले जुने बिऱ्हाड आवरायला काढले, तेव्हा पोटमाळ्यावरून पितळी भांडी, गाद्या आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे यांच्यामागून एक काळी पेटी निघाली. पेटीत मामांची गिटार होती. मामा १९६५ साली इंजिनिअरिंगच्या पुढील शिक्षणासाठी इलिनॉयला गेले आणि १९६९ साली परतताना ही गिटार घेऊन आले. लहानपणी मी ती त्यांच्या मांडीवर पाहिली आहे. त्यानंतर मात्र ती माळ्यावर गेली, ती जवळजवळ चाळीस वर्षे तिथेच राहिली. मामांना जाऊन आता सहा वर्षे झाली. "तुला लाकडातलं कळतं, तूच घेऊन जा," असे म्हणून मामीने पेटी माझ्या हवाली केली. मला लाकडातले कळते ते खुर्च्या-टेबलांपुरते, हे मी तिला तेव्हा सांगितले नाही.

पेटी उघडताच झुरळांची वाळलेली अंडी आणि कापराचा वास, या दोन गोष्टींनी स्वागत केले. गिटार शिकागोच्या हार्मनी कंपनीची आहे. ध्वनिछिद्रातून आरसा आणि छोटी बॅटरी घालून पाहिले तेव्हा पाठीच्या आतल्या बाजूला दोन शिक्के दिसले. एका शिक्क्यात चार आकडे, मग एच हे अक्षर आणि त्यानंतर १२६० असे आहे. दुसरा शिक्का पुसट असून त्यात एफ-६६ असे वाचता येते. पहिल्या शिक्क्यावरून साल काढण्याचा प्रयत्न मी दोन दिवस करत होतो आणि तो व्यर्थ होता, कारण एच नंतरचा आकडा हा मॉडेलचा क्रमांक असतो आणि साल सांगतो तो दुसरा शिक्का. म्हणजे ही १९६६ ची सॉव्हरिन, हार्मनीची मोठ्या पोटाची गिटार.

ज्यांना या कंपनीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विल्हेल्म शुल्ट्झ या जर्मनीतून आलेल्या कारागिराने १८९२ साली शिकागोत हार्मनी सुरू केली. १९१६ साली सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या बड्या दुकानाने ती विकत घेतली, पुढे ती पुन्हा स्वतंत्र झाली आणि १९७५ साली बंद पडली. मधल्या काळात अमेरिकेतल्या असंख्य मुलांची पहिली गिटार याच कारखान्यातून गेली. त्यामुळे हे दुर्मीळ वाद्य आहे असा माझा दावा नाही. मात्र सॉव्हरिनची तबली, म्हणजे तारांखालची वरची फळी, अखंड स्प्रूसची (हे एक सूचिपर्णी लाकूड) आणि पाठ व कडा अखंड महोगनीच्या असतात. प्लायवूडचा वापर त्यात नाही. ध्वनिछिद्राच्या काठावर भिंग धरले की लाकडाचे तंतू वरून खालपर्यंत सलग जाताना दिसतात, थर दिसत नाहीत.

आता दुखणी सांगतो.

तारा आणि पट्टी (मानेवरची, जिच्यावर बोटे दाबतात ती) यांच्यातले अंतर बाराव्या पडद्यापाशी, म्हणजे पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या बाराव्या तारेपाशी, ५ मिलिमीटर आहे. ते अडीचच्या आसपास हवे. पडद्यांवर सरळ पोलादी पट्टी ठेवून ती घोडीपर्यंत, म्हणजे तबलीवर चिकटवलेल्या, तारा धरणाऱ्या ठोकळ्यापर्यंत नेली, तर ती घोडीच्या माथ्याला टेकायला हवी. इथे ती माथ्याच्या ५ मिलिमीटर खाली जाऊन आदळते. म्हणजे तारांच्या ओढीने मान पुढे झुकली आहे. मानेच्या टाचेत, म्हणजे ती पोटाला जुळते त्या जाड टोकात, कोणीतरी लाकडी स्क्रू ठोकला आहे आणि फटीत सुताराचा पांढरा गम ओतला आहे. मामीच्या आठवणीप्रमाणे हे काम फर्निचर करणाऱ्या एका सुताराने १९७८ च्या सुमारास केले. घोडी मागच्या बाजूने उचलली गेली आहे. तबलीला दोन चिरा आहेत, एक घोडीच्या मागे आणि एक पट्टीच्या टोकाशी. आतल्या आधारपट्ट्यांपैकी पाठीची एक पट्टी पूर्ण सुटून खुळखुळत होती. खुंट्यांची प्लास्टिकची बोंडे हात लावताच भुग्यासारखी झाली. आणि एक कोडे आहे : डोक्याजवळच्या नटवर, म्हणजे तारा ज्या खाचांतून जातात त्या छोट्या पट्टीवर, लोखंडाची एक पन्हळीसारखी टोपी बसवलेली होती, तिने तारा तिथे जवळजवळ सेंटिमीटरभर वर उचलल्या होत्या. वर दिलेले ५ मिलिमीटर हे माप ती टोपी काढून घेतलेले आहे.

आतापर्यंत मी फक्त सफाई केली आणि सुटलेली आधारपट्टी सरसाने चिकटवली. पुढच्या दोन प्रश्नांवर जाणकारांचे मत हवे आहे. मानेचा कोन बदलण्याचे काम घरी करावे काय? आणि तबलीचे पॉलिश नवे करावे काय? डोक्यावर, तारांच्या खुंट्यांमध्ये, सिगारेट खोचून ठेवल्याने जळालेला एक काळा डाग आहे आणि ध्वनिछिद्राखाली पिकने (तारा छेडायच्या चकतीने) खरवडलेला भाग पार लाकडापर्यंत गेला आहे. घरातल्या दोघांचे मत ते "नीट करून घ्यावे" असे आहे.

कृष्णाकाठ, ९ मार्च

आधारपट्टी सरसाने चिकटवलीत हे वाचून बरे वाटले. मी मिरजेचा असून आमच्या गल्लीत सतारी आणि तानपुरे होतात, त्यामुळे गिटारचे नाही तरी चिकटवण्याचे दोन शब्द सांगू शकतो. सरसाचा मोठा गुण म्हणजे तो उष्णतेने आणि ओलीने पुन्हा सुटतो. वाद्य कधी ना कधी उघडावे लागणारच, हे धरून चालणाऱ्या माणसांनी तो निवडलेला आहे. पांढऱ्या गमाचा सांधा सुताराच्या दृष्टीने मजबूत असतो. पण सतत ओढ असली की तो वर्षानुवर्षे तसूतसूने सरकत राहतो, आणि लाकडात मुरल्यावर त्याच जागी दुसरा कोणताही चिकट पदार्थ धरत नाही. त्या सुताराला दोष देत नाही, खुर्चीला तो गम उत्तम असतो. खुर्चीवर माणूस बसतो आणि उठतो. गिटारवर तारा कायमच्या बसलेल्या असतात.

सरस करताना दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि मग पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम करा. उकळू देऊ नका, उकळलेल्या सरसाची ताकद जाते. पुन्हापुन्हा तापवलेला सरसही टाकून द्या.

आडव्या तारा, १० मार्च

तुमच्या लोखंडी टोपीचे कोडे मी सोडवतो. मामांनी, किंवा त्यांच्याकडून मागून नेणाऱ्या कुणीतरी, ही गिटार हवाईयन पद्धतीने वाजवली आहे. त्यासाठी तारा पट्टीपासून बऱ्याच वर असाव्या लागतात, म्हणजे डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकताना पडद्यांना लागत नाही. अशा टोप्या वाद्यांच्या दुकानांत सुट्या मिळत. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे गिटार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर मांडीवर आडवी ठेवलेली गिटारच येई. ऑर्केस्ट्रात सिनेमाच्या गाण्यांच्या चाली त्यावर वाजत, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तर त्याच बैठकीत रागसंगीत वाजवले. माझे वडील पुण्यातच एका ऑर्केस्ट्रात हवाईयन वाजवत, त्यांच्या गिटारवरही अशीच टोपी होती.

मान झुकण्याचे एक कारणही यात दडलेले असू शकते. हवाईयन वाजवणारे बहुधा जाड तारा चढवत. टोपी काढलीत तरी टाकू नका.

खुंटी, १० मार्च

आपण सांगितले तेव्हा मामीला विचारले. ती हसून म्हणाली, "कांडी त्यांच्या दाढीच्या डब्यात असायची, बघ." डबा आता नाही, पण मामा आडवी गिटार वाजवत हे तिला पक्के आठवते. आम्हा मुलांना मामा गिटार "मांडीवर झोपवत" असे वाटे, त्याचा अर्थ आज लागला. टोपी पेटीत ठेवली आहे.

मिशिगनकाठ, ११ मार्च

मी शिकागोच्या उपनगरात राहतो आणि हौसेने अशा गिटारींचे काम करतो. तुमची सॉव्हरिन इथे आजही बऱ्याच घरांत निघते. मानेचा कोन दुरुस्त करण्याची मजुरी अनेकदा गिटारच्या किमतीच्या जवळ जाते, म्हणून लोक ते टाळतात आणि घोडी तासून तात्पुरता इलाज करतात. तुम्ही तो करू नका. घोडी पातळ झाली की आवाजही पातळ होतो आणि पुढच्या माणसाला नवी घोडी करावी लागते.

दुसरी एक सूचना आहे. हार्मनीच्या तबलीखालच्या आधारपट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असतात, कारण तशा बसवणे कारखान्याला स्वस्त आणि जलद पडे. मार्टिन कंपनीच्या पद्धतीप्रमाणे त्या फुलीसारख्या तिरप्या बसवल्या, तर तबली घोडीमागे फुगत नाही आणि आवाज भरीव होतो. पाठ उघडून हा बदल केलेल्या सॉव्हरिन मी वाजवल्या आहेत आणि त्या फार सुंदर वाजतात. गिटार उघडणारच असाल तर याचा विचार करा.

खुंटी, ११ मार्च

सूचनेबद्दल आभार. विचार केला आणि नकोच असे ठरवले. आडव्या पट्ट्यांचा आवाज कोरडा, ठसठशीत आणि लवकर विरणारा असतो. जुने ब्लूज वाजवणाऱ्यांना तोच आवडे. मामांनी शिकागोत असताना ऐकलेला आवाज त्याच जातीचा असणार. फुली बसवली की हातात चांगली गिटार येईल, पण ती ही गिटार नसेल. शिवाय पाठ उघडण्याइतके धैर्य माझ्याकडे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पेठकर, १२ मार्च

पॉलिशविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आपण जुने वाडे पाडतो आणि मग सिगारेटच्या डागाला वारसा म्हणून कुरवाळतो, हे मला गमतीचे वाटते. वाद्य स्वच्छ आणि देखणे असले तर पुढची पिढी ते हातात घेईल. उघड्या पडलेल्या लाकडात घाम आणि ओल मुरते, तेव्हा निदान तेवढा भाग तरी झाकला पाहिजे. सगळे खरवडून नवे चकचकीत पॉलिश करा असे मी म्हणत नाही, पण "काहीच करू नका" हा आग्रहही टोकाचा आहे.

कृष्णाकाठ, १२ मार्च

उघडे लाकूड झाकावे, एवढ्यापुरते पेठकरांचे बरोबर आहे. तेवढ्याच जागी चपडीचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, दोन पातळ हात कापडाच्या बोळ्याने द्यावेत. ते स्पिरिटने पुसून काढता येतात, त्यामुळे उद्या कुणाला नको वाटले तर नुकसान नाही. पण आधी मूळ पॉलिश कशाचे आहे ते टाचेखाली न दिसणाऱ्या जागी तपासा. स्पिरिटच्या थेंबाने मऊ झाले तर लाख. स्पिरिटला दाद न देता थिनरने मऊ झाले, तर नायट्रोसेल्युलोजचे लॅकर.

खुंटी, १३ मार्च

तपासले. थिनरने मऊ झाले, म्हणजे लॅकरच आहे. पेठकर, आपला मुद्दा मान्य आहे आणि खरवडलेल्या भागावर चपडीचे दोन हात देईन. सिगारेटचा डाग राहील. मामा वाजवताना जळती सिगारेट तारांच्या टोकांत खोचत, आणि बऱ्याचदा ती विसरत. मामीची सगळी तक्रार त्या विसरण्याबद्दल होती. तो डाग काढायचा की नाही हे मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "खिडकीच्या पडद्याला दोन भोकं आणि माझ्या चादरीला एक, ती नाही ना बुजवलीस? मग राहू दे."

खुंटी, २१ एप्रिल

मान काढली, बसवली आणि आज तारा चढवल्या. ज्यांना हे काम करायचे असेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला मराठीत याविषयी काहीच सापडले नव्हते.

मान पोटाला चौदाव्या पडद्याशी जुळते. आतला सांधा डव्हटेलचा आहे, म्हणजे मानेच्या टाचेची पुढे रुंद होत जाणारी जीभ पोटातल्या खाचेत वरून उतरवलेली असते. जिभेच्या टोकासमोर एक छोटी पोकळी राहते. पंधरावा पडदा सोल्डरिंगच्या गरम कावियाने तापवून हळूच उपटला, त्याच्या खाचेतून २ मिलिमीटरचे भोक त्या पोकळीपर्यंत पाडले आणि तिथून वाफ सोडली. वाफेसाठी स्वयंपाकघरातला जुना कुकर घेतला : शिट्टी काढून त्या नळीवर उष्णता सोसणारी रबरी नळी बसवली, आणि नळीच्या टोकाला फुटबॉलमध्ये हवा भरण्याची सुई. नळी कुठेही दुमडणार नाही आणि वाफेची वाट बंद होणार नाही, ही काळजी प्रत्येक मिनिटाला घ्यावी लागते. कुकरचा सुरक्षा वॉल्व्हही नवा घालून घेतला होता. त्याआधी पट्टीचा पोटावरचा भाग इस्त्रीने तापवून, पातळ लवचीक सुरीने तबलीपासून सुटा केला होता.

सुताराचा स्क्रू अर्थातच सर्वांत आधी काढला. तो गंजून लाकडात रुतला होता, म्हणून त्याच्या डोक्यावर कावियाचे टोक पाच मिनिटे धरले, तेव्हा तो फिरला.

वाफ सोडल्यावर बारा मिनिटे काहीही झाले नाही. नंतर टाचेतून पांढरा, दह्यासारखा द्रव ओघळू लागला, तो १९७८ चा गम. आणखी पाच मिनिटांनी मान हातात आली. त्या क्षणी आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली, कारण टाचेभोवतीच्या लॅकरवर वाफेने दुधी ढग उमटला होता. तो पूर्ण गेला नाही, अजूनही तिरप्या उजेडात दिसतो. वाफ सोडण्यापूर्वी भोवती ओले कापड गुंडाळायचे राहिले, ही चूक माझी.

खाचेतला जुना गम कोमट पाणी, पांढरे व्हिनेगर आणि दात घासायचा ब्रश यांनी काढायला तीन संध्याकाळी लागल्या. त्याचा कण राहिला तरी सरस धरत नाही, म्हणून मी ही पायरी कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही करत राहिलो.

कोन किती बदलायचा याचे गणित सोपे आहे. टाचेची उंची ९० मिलिमीटर, घोडीपाशी कमी पडणारी उंची ५ मिलिमीटर, आणि पोटाच्या सांध्यापासून घोडीतल्या हाडापर्यंतचे (तारा ज्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीपर्यंतचे) अंतर २८५ मिलिमीटर. पहिल्या दोन संख्यांच्या गुणाकाराला तिसरीने भागले की १.६ येतात. म्हणजे टाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर लाकूड जायला हवे आणि वर पट्टीकडे येताना ते शून्यावर यायला हवे. हे काम रंध्याचे नाही. मान जागेवर ठेवून सांध्यात काचपेपरची पट्टी घालायची आणि ती बाहेर ओढायची, पुन्हा घालायची आणि ओढायची. काचपेपर नेमका जिथे लाकूड चिकटते आहे तिथेच खातो, त्यामुळे सांधा आपोआप जुळत येतो. दर पंधरावीस ओढींनंतर पोलादी पट्टी ठेवून माप घेतले, आणि मान डावीउजवीकडे कलली नाही ना, हे पाहण्यासाठी दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणला.

टाच घासली की डव्हटेल सैल होते. जिभेच्या दोन्ही बाजूंना महोगनीच्या पातळ चकत्या चिकटवून त्या तासत तासत सांधा इतका घट्ट केला की सरसाशिवायही मान हाताने हलेना. पट्टीचा पोटावरचा भाग आता तबलीपासून थोडा उचललेला राहतो, त्याखाली ध्वनिछिद्राच्या टोकाला दीड मिलिमीटर जाड आणि चौदाव्या पडद्याकडे निमुळती होत जाणारी पाचर घातली.

सरस लावल्यावर थंड खोलीत जेमतेम मिनिटभर वेळ मिळतो, असे सगळीकडे वाचले होते आणि त्याची धास्ती घेतली होती. एप्रिलमधल्या पुण्याने ती चिंता मिटवली. दुपारी दोन वाजता पंखा बंद करून ३९ अंशांत काम केले, सरस लवकर गोठला नाही, मीच वितळलो. सरस योग्य तापमानाला ठेवण्यासाठी बाळाच्या दुधाची बाटली गरम करण्याचे यंत्र पुतणीकडून मागून आणले. त्याबद्दल तिने काय ऐकवले ते इथे लिहीत नाही.

घोडी काढून जुन्याच जागी सरसाने बसवली. तिच्यावर दोन पांढरे ठिपके आहेत आणि त्यांच्याखाली स्क्रू निघाले. ते कारखान्याचेच असल्यामुळे परत घातले. बोंडे नवी घातली, खुंट्यांची दातेरी चक्रे मूळचीच आहेत. पडदे फारसे झिजलेले नव्हते, ते बदलले नाहीत.

तारा ११ पासून सुरू होणाऱ्या, म्हणजे नेहमीपेक्षा बारीक संचाच्या लावल्या (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत). १२ ते ५३ च्या नेहमीच्या संचाची एकूण ओढ सुमारे ७३ किलो असते. एखादा मोठा माणूस चोवीस तास घोडीला लोंबकळत असावा, असे समजा. या वयाच्या, आडव्या पट्ट्यांच्या तबलीवर तो भार कमी असलेला बरा. बाराव्या पडद्यापाशी आता २.६ मिलिमीटर अंतर आहे.

चिरा अजून बाकी आहेत. सध्याच्या कोरड्या हवेत त्या उघडल्या आहेत, पावसाळ्यात लाकूड फुगून आपोआप मिटतील, तेव्हा चिकटवीन असा विचार आहे.

सड्यावरचा, २२ एप्रिल

मनःपूर्वक अभिनंदन, पण शेवटचा विचार कृपया सोडून द्या. मी रत्नागिरीचा असून दर पावसाळ्यात हा अनुभव घेतो. ८५ टक्के आर्द्रतेत फुगून मिटलेली चीर चिकटवलीत, तर पुढच्या मार्चमध्ये लाकूड आकसताना चिकटवलेली जागा टिकेल आणि शेजारी नवी चीर जाईल. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरून काम करतात, कारण दोन्ही टोकांचा हा मध्य आहे. तारा सैल करा, गिटार पेटीत ठेवा, साबणाच्या भोके पाडलेल्या डबीत ओला स्पंज घालून ती पेटीत ठेवा, शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि ५० टक्क्यांवर दोन आठवडे राहू द्या. स्पंजचा थेंब लाकडावर पडता कामा नये. एवढ्याने चीर मिटली तरच ती चिकटवा. नाही मिटली, तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक सळी तीत भरावी लागेल.

खुंटी, २२ एप्रिल

वेळेवर सांगितलेत. मी जुलैपर्यंत थांबून नेमका उलटा उद्योग केला असता.

मिशिगनकाठ, २४ एप्रिल

सड्यावरचा यांच्याशी सहमत. आमच्याकडे हेच हिवाळ्यात होते : घर तापवणाऱ्या भट्टीमुळे आतली हवा २० टक्क्यांपर्यंत कोरडी पडते आणि जानेवारीत दुरुस्तीच्या कामांची रांग लागते. चीर चिकटवल्यावर आतून स्प्रूसच्या नाण्याएवढ्या चकत्या लावा, तंतू चिरेला आडवे ठेवून. ध्वनिछिद्रातून क्लॅम्प तिथे पोहोचत नाही. एक प्रभावी चुंबक आत चकतीवर आणि दुसरे बाहेर तबलीवर ठेवले की काम होते. दोन्ही चुंबकांना जाड कापड चिकटवा, नाहीतर ती एकमेकांवर झेप घेतात आणि तबलीला खड्डा पडतो. माझा पडला आहे.

परदेशस्थ कन्या, २५ एप्रिल

थोडे विषयाच्या कडेचे विचारते. माझ्या वडिलांकडेही साठच्या दशकातली अमेरिकी गिटार आहे आणि ती मला टोरांटोला न्यायची आहे. लाकडाच्या निर्बंधांमुळे विमानतळावर अडवतात असे ऐकले, ते खरे आहे काय?

मिशिगनकाठ, २५ एप्रिल

लाकूड कोणते यावर ते अवलंबून आहे. शिसवाच्या कुळातल्या जवळजवळ सर्व लाकडांवर जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मात्र ब्राझीलचे शिसव १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही. त्या काळातल्या अमेरिकी गिटारींच्या पट्ट्या आणि घोड्या अनेकदा त्याच लाकडाच्या असत. वडिलांची गिटार आधी जाणकाराला दाखवा, आणि ते लाकूड निघाले तर वाद्यासाठीचे प्रमाणपत्र काढल्याशिवाय विमानात नेऊ नका.

खुंटी, १९ ऑक्टोबर

उशिराने लिहितो आहे, कारण एक पूर्ण पावसाळा जाऊ दिल्याशिवाय काही बोलण्यात अर्थ नव्हता.

चिरांपैकी पट्टीजवळची चीर पन्नास टक्क्यांवर पूर्ण मिटली, ती सरसाने चिकटवली आणि आतून तीन चकत्या लावल्या. घोडीमागची मिटली नाही. तिच्यात स्प्रूसची सळी भरली. जुन्या तबलीचा मधासारखा रंग नव्या लाकडाला नाही, त्यामुळे ती फिकट रेघ दिसते आणि मी ती रंगवलेली नाही. चुंबके कापडासह वापरली, खड्डा पडला नाही.

बाराव्या पडद्याशी २.६ मिलिमीटर असलेले अंतर ऑगस्टमध्ये तबली फुगल्याने ३ वर गेले, आणि आज पुन्हा २.५ आहे. मान हललेली नाही. पोलादी पट्टी घोडीच्या माथ्यालाच टेकते. खरवडलेल्या भागावरची चपडी पावसात थोडी चिकट झाली होती, आता ठीक आहे.

आडव्या तारा, १९ ऑक्टोबर

आवाज कसा आहे ते लिहिलेच नाही!

खुंटी, २० ऑक्टोबर

सुरुवातीला लाकडी खोक्यासारखा बंद वाटला. रोज अर्धा तास वाजवत गेलो तसा तिसऱ्या आठवड्यापासून मोकळा होऊ लागला. खालचे स्वर घुमत नाहीत, ठोका दिल्यासारखे येऊन थांबतात. मधले मात्र खणखणीत आहेत. दसऱ्याला मामीकडे नेली होती. तुमची आठवण ठेवून लोखंडी टोपी नटवर बसवली, कांडीऐवजी औषधाची काचेची बाटली घेतली आणि मांडीवर आडवी ठेवून एक चाल कशीबशी वाजवली. मामी थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ते याहून वाईट वाजवायचे."

पेटीच्या झाकणात एक कागद चिकटवला आहे. त्यावर मान कोणत्या तारखेला काढली, कुठे सरस आहे, वाफेचे भोक कोणत्या पडद्याखाली आहे, चकत्या किती आणि कुठे आहेत, एवढे लिहिले आहे. टाचेतले स्क्रूचे भोक बुजवलेले नाही. स्क्रू मात्र कागदाशेजारी एका पुडीत ठेवला आहे.